चाकरीवांचून उपजीविका

रोह्यांतील माझ्या एका माजी विद्यार्थ्यानें मुंबईची कायम नोकरी सोडली, तेव्हां त्याचे वडील मजकडे आले. "मास्तर, पोराला समजवा!" मी गेलों, आणि स्वतःच समजून परतलों. (आम्हां पेन्शनवाल्यांस नोकरीपलीकडे निश्चिंती दिसतच नाहीं.)

तो घरीं बसून संकेतस्थळें रचतो. पगार नाहीं, कामागणिक मोबदला. निम्मे पैसे आगाऊ घेतल्याविना हात लावीत नाहीं. पहिल्याच गिऱ्हाइकानें काम होतांच तोंड फिरविलें होतें. मोठ्या कंपन्यांचीं तुकड्यातुकड्यांचीं कामें त्याला नकोत. पेणच्या एखाद्या मूर्तिकाराचें लहानसें संकेतस्थळ आरंभापासून शेवटापर्यंत आपणच घडवावें, तेंही शुद्ध मराठींत, ही त्याची आवड. युनिकोडमध्यें देवनागरी १९९१ सालींच आली. सर्न या संस्थेनें १९९३ मध्यें वेबचें तंत्र सर्वांस विनामूल्य खुलें केलें. म्हणूनच कुंडलिकेच्या कांठीं बसून हा उद्योग चालतो.

रविवारीं तो आगगाडीनें पेणला जातो आणि एका कारखान्यांत शाडू मळतो. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी मात्र त्याला अद्याप साधलेली नाहीं. वडील अजूनहि दर एक तारखेस विचारतात, "या महिन्यांत कांहीं आलें का?"