शाळेतील सौर इन्व्हर्टर : उंची आणि भोवतालची मोकळी जागा

शाळेच्या छपरावर सौर पॅनेल बसविली गेली म्हणजे साऱ्या गावाचे लक्ष साहजिकच वर जाते. परंतु त्या पॅनेलांची वीज दिव्याला, पंख्याला व संगणकाला उपयोगी पडेल अशी करून देणारे यंत्र खाली, एखाद्या भिंतीवर मुकाट्याने काम करीत असते. ते यंत्र म्हणजे इन्व्हर्टर होय. पॅनेलांतून येणारा प्रवाह एकदिश असतो. शाळेतील उपकरणांना २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह लागतो. एकाचे दुसऱ्यात रूपांतर करणे हे इन्व्हर्टरचे कार्य.

यंत्र बसविण्याच्या दिवशी कारागीर विचारतो, "गुरुजी, पेटी कुठे लावू?" मुख्याध्यापक घाईत असतात. जी भिंत रिकामी दिसेल तिच्याकडे बोट दाखविले जाते आणि काम उरकते. त्या क्षणाच्या उत्तरावर यंत्राचे आयुष्य, विजेचे उत्पन्न आणि मुलांची सुरक्षितता ही तिन्ही अवलंबून असतात. म्हणून ते उत्तर विचारपूर्वक कसे द्यावे, हे प्रत्येक शिक्षकास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

यंत्राला श्वास लागतो

चांगल्या इन्व्हर्टरची कार्यक्षमता साधारणपणे ९६ ते ९८ टक्के असते. उरलेल्या दोन-चार टक्क्यांची उष्णता होते. हा भाग क्षुल्लक वाटतो; परंतु ५ किलोवॉटचे यंत्र पूर्ण भाराने चालत असता ३ टक्के म्हणजे सुमारे १५० वॉट उष्णता त्या लहानशा पेटीत सतत निर्माण होत असते. शंभर वॉटचा जुना दिवा किती तापत असे, हे आठवले म्हणजे दीड दिव्याची ही उष्णता किती, याची कल्पना येईल.

ही उष्णता बाहेर पडते कशी? कंदील डोळ्यांपुढे आणावा. त्याच्या खालच्या छिद्रांतून थंड हवा आत शिरते, तापलेली हवा हलकी होऊन वरच्या टोपीतून निघून जाते. खालची छिद्रे बुजली किंवा वरची टोपी झाकली गेली तर ज्योत काजळू लागते. इन्व्हर्टरचेही तसेच आहे. त्याच्या पाठीशी धातूच्या उभ्या पात्या असतात. खालची हवा त्या पात्यांमधून तापत वर जाते व तिच्या जागी नवी हवा येते. विज्ञानाच्या पुस्तकात ज्याला अभिसरण म्हणतात, ते हेच. काही यंत्रांत या कामी पंखाही असतो. परंतु पंख्यालाही हवा मोकळ्या जागेतूनच घ्यावी लागते. म्हणून भोवतालची रिकामी जागा ही वाया गेलेली जागा नव्हे. ती यंत्राचाच एक भाग आहे.

हा श्वास कोंडला तर दोन परिणाम होतात. पहिला तात्कालिक. यंत्र आपल्या रक्षणासाठी उत्पादन आपोआप कमी करते. अनेक बनावटींत भोवतालचे तापमान ४५ अंश सेल्सियसच्या आसपास गेले की ही कपात सुरू होते. विदर्भात उन्हाळ्यात बाहेरचाच पारा तेथवर चढतो. मग कोंडलेल्या खोलीची गोष्ट बोलावयासच नको. दुसरा परिणाम सावकाश होणारा. आतील कपॅसिटर उष्णतेने लवकर जीर्ण होतात. तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा सर्वसाधारण आडाखा आहे.

मोकळी जागा किती ठेवावी?

निश्चित अंक यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत दिलेले असतात व तेच प्रमाण मानावेत. पुस्तिका कंत्राटदाराकडून मागून घ्यावी व शाळेच्या दप्तरी ठेवावी. सामान्यतः वरच्या व खालच्या बाजूस ३० ते ५० सेंटिमीटर आणि दोन्ही कडांना २० ते ३० सेंटिमीटर जागा सोडण्यास सांगितलेले असते. यंत्रे दोन असल्यास ती शेजारी शेजारी लावावीत. एकाच्या डोक्यावर दुसरे लावल्यास खालच्याचा तप्त उच्छ्वास वरच्याच्या वाट्याला येतो.

समोरची जागा हवेसाठी लागते, तशीच माणसासाठीही. दुरुस्ती करणाऱ्यास सरळ उभे राहता यावे व प्रसंगी चटकन मागे सरता यावे, हा तिचा हेतू. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत स्विचबोर्डासमोर सुमारे एक मीटर मोकळी जागा असावी असे सांगितले होते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांतही तीच अपेक्षा राहिली. इन्व्हर्टर व त्याचे स्विच यांच्यापुढेही एवढी जागा राखणे शहाणपणाचे. जमिनीवर एक मीटर अंतरावर पिवळा पट्टा रंगविला, तर ही मर्यादा मुलांनाही दिसत राहते.

उंचीचा प्रश्न

उंची ठरविताना शाळेत परस्परविरुद्ध अशा दोन गरजा समोर येतात. शिक्षकास पडद्यावरील आकडे वाचता आले पाहिजेत आणि संकटकाळी स्विच हाताशी आला पाहिजे. यासाठी यंत्र फार वर नको. मुलांचा हात तेथे पोहोचता कामा नये. यासाठी ते फार खाली नको. चौथीतील मूल हात उंच करून सहज दीड मीटरच्या वर पोहोचते, हे ध्यानात घ्यावे.

मध्यम मार्ग असा : यंत्राची खालची कड जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर असावी, आणि स्विचची मूठ दोन मीटरच्या वर जाऊ नये. स्टुलावर चढून बंद करावा लागणारा स्विच आणीबाणीच्या वेळी नसल्यासारखाच. एवढ्यानेही मोठ्या मुलांपासून संरक्षण होत नाही. तेव्हा भोवती कुलपाची लोखंडी जाळी बसवावी. जाळी सांगितलेल्या अंतरांच्या बाहेरून असावी व तिला पत्रा ठोकू नये. किल्ली शिक्षकांना माहीत असलेल्या ठरावीक जागी असावी. अशी जाळी असल्यास यंत्र थोडे खाली, डोळ्यांच्या रेषेत आणण्यासही हरकत नाही.

नदीकाठच्या गावांत आणखी एक माप पाहावे लागते. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडे आणि २०२१ मध्ये चिपळूण-महाडकडे पुराचे पाणी घराघरांत शिरले. अशा गावी पूररेषा कोठवर आली होती, हे वडीलधारी मंडळी भिंतीवर हात ठेवून दाखवितात. यंत्र त्या खुणेच्या वरच असले पाहिजे. प्रसंगी वरच्या मजल्यावर.

भिंत कोणती निवडावी?

भिंत पक्की, विटांची वा दगडांची असावी. लाकडी फळ्यांची किंवा पत्र्याची नसावी. कारण यंत्राचे वजन तिने पेलले पाहिजे आणि तिने पेट घेता कामा नये. यंत्र नेहमी उभेच लावावे. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते, म्हणून ती टाळावी. उत्तरेची भिंत बहुधा सर्वांत थंड. तथापि महाराष्ट्रात मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत बहुतेक ठिकाणी सूर्य माध्यान्हीही थोडा उत्तरेकडे असतो. तेव्हा त्या भिंतीवरही छज्जा हवा. यंत्राच्या पेटीत पाणी शिरत नाही असे पुस्तिकेत लिहिलेले असले, तरी त्यामुळे ऊन सोसण्याची शक्ती तिला येत नाही.

पोषण आहाराच्या स्वयंपाकघराची भिंत धूर, वाफ व तेलकट काजळी यांमुळे निषिद्ध समजावी. बॅटऱ्या असल्यास यंत्र त्यांच्या बरोबर वर लावू नये. शिसे-आम्लाच्या बॅटरीतून प्रभारण होताना हायड्रोजन वायू निघतो. तो हलका असल्याने वर जातो व ठिणगीने पेटू शकतो.

बसविल्यानंतर

यंत्र योग्य जागी लागले, तरी पुढे त्याचा श्वास कोंडतो तो बहुधा प्रेमापोटी किंवा सोयीपोटी. कोणी धूळ बसू नये म्हणून वर कापड घालते. खंडेनवमीला यंत्राची पूजा होते आणि झेंडूची माळ पात्यांवर आठवडाभर तशीच राहते. पूजा अवश्य व्हावी. पण पाणी शिंपडू नये आणि माळ जाळीलाच, हवेची वाट सोडून बांधावी. तांदळाची पोती, जुने तक्ते, मोडकी बाके यांना मोकळी भिंत नेहमीच खुणावीत असते.

शिक्षकाने स्वतः यंत्र उघडू नये वा हलवू नये. स्विच बंद केला तरी उजेड आहे तोवर पॅनेलांकडून येणाऱ्या तारांत वीज असतेच, आणि तिचा दाब शेकडो व्होल्टचा असू शकतो. ते काम परवानाधारक कारागिराचे. शिक्षकाचे काम पाहण्याचे व मोजण्याचे. महिन्यातून एकदा पाचवी-सहावीच्या मुलांनी पिवळ्या पट्ट्याबाहेरून पाहून हवेच्या वाटा मोकळ्या आहेत का ते सांगावे, दिवसाचे युनिट वहीत मांडावेत व त्यांचा आलेख काढावा. उन्हाळ्यात पॅनेलांचेही उत्पन्न उष्णतेने थोडे घटते. परंतु निरभ्र दुपारी आकडा एकाएकी फार खाली आला, तर प्रथम यंत्राभोवती काय ठेवले आहे ते पाहावे.

सर्वांत अधिक जपावयाचा दिवस म्हणजे उन्हाळी सुटीपूर्वीचा शेवटचा दिवस. त्या दिवशी बाके एका भिंतीशी रचली जातात, खिडक्या लावल्या जातात, दाराला कुलूप पडते. वीजवाहिनीस जोडलेले यंत्र मात्र सुटीवर जात नाही. मेच्या कडक उन्हात ते रोज चालतच असते, आणि त्याच्याकडे पाहणारे कोणी नसते. म्हणून कुलूप लावण्यापूर्वी शिक्षकाने एकदा त्या भिंतीपुढे उभे राहावे. पट्ट्याच्या आत काही नाही, वरखाली काही नाही, झरोके उघडे आहेत, एवढे पाहावे आणि मग किल्ली फिरवावी.