काम वा चुंग: सोन्याच्या गावातले चिनी दुकान

ओरेगनमधल्या जॉन डे परिसरात १८६२ मध्ये सोने सापडले आणि मागोमाग चिनी मजूर आले. गोऱ्यांच्या मनात त्यांच्याविषयी अढी होती; १८८२ च्या कायद्याने तर चिनी मजुरांना अमेरिकेचे दारच बंद केले. त्याच दशकात इंग हे आणि लुंग ऑन या मित्रांनी ‘काम वा चुंग’ हे दुकान घेतले. लुंग ऑन व्यापार पाही, इंग्रजीही उत्तम बोले. ‘डॉक हे’ म्हणून ओळखला जाणारा इंग हे नाडी पाहून वनौषधी देई. त्याच्यावर गोऱ्या कुटुंबांचाही भरवसा बसला, ही त्या काळात फार मोठी गोष्ट होती. १९५२ मध्ये तो वारला. त्याच्या पलंगाखाली रुग्णांचे, कधीच न वटवलेले, २३,००० डॉलरांहून अधिक रकमेचे चेक सापडले. दुकान आता संग्रहालय आहे.