समजून घ्या : पैशांच्या खेळाचं ॲप बंद झालं, पण सवय सुटली का? घरच्यांनी ओळखायच्या खुणा आणि पहिल्या आठवड्यात करायच्या गोष्टी

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला. काही दिवसांतच पैसे लावून खेळायच्या मोठ्या देशी ॲप्सनी ते खेळ थांबवले. अनेक घरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण ॲप बंद होणं आणि सवय सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला खेळल्याशिवाय चैन पडत नाही, तो दुसरा रस्ता शोधतो आणि तो रस्ता बहुतेक वेळा आधीपेक्षा जास्त धोक्याचा असतो. जुगाराचं व्यसन नेमकं काय असतं, ते कसं ओळखायचं आणि घरात असं काही उघड झालं तर काय करायचं, ते पाहूया.

थोडक्यात

- जुगाराचं व्यसन हा वैद्यकशास्त्राने मान्य केलेला आजार आहे. त्यावर उपचार आहेत.
- या व्यसनाला तोंडाचा वास नसतो, चालताना तोल जात नाही. त्यामुळे घरच्यांना ते कर्जाच्या फोनवरूनच कळतं.
- एकरकमी कर्ज फेडून दिलं की प्रश्न सुटतो, असं वाटतं. बहुतेक वेळा उलटंच होतं.

नवा कायदा काय सांगतो?

'ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन कायदा, २०२५' या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून, पैसे जिंकण्याच्या आशेने खेळला जाणारा कोणताही ऑनलाइन खेळ त्यात येतो. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वाद या कायद्यापुरता बाजूला ठेवला आहे.

असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड, तर त्यासाठी पैशांचे व्यवहार करून देणाऱ्यालाही ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड अशी तरतूद आहे. खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही. त्याच्याकडे गुन्हेगार म्हणून नव्हे, तर नुकसान झालेली व्यक्ती म्हणून पाहिलं आहे. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. 'पोलीस मलाच पकडतील' या भीतीने अनेक जण गप्प बसतात.

मटक्याच्या किंवा पत्त्यांच्या अड्ड्यावर मात्र वेगळा कायदा लागतो. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही आहे आणि अड्ड्यावर सापडलेल्या खेळणाऱ्यावरही त्याखाली कारवाई होऊ शकते.

मग खेळ थांबला का?

सगळ्यांचा नाही. व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवर 'आयडी' देणारे एजंट आहेत. पैसे कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यात यूपीआयने टाकायचे, मग लॉगिन आणि पासवर्ड येतो. वेबसाइटचा सर्व्हर परदेशात असतो. ज्या खात्यात पैसे जातात, ते अनेकदा कमिशनवर भाड्याने घेतलेलं असतं. जिंकलेले पैसे मिळाले नाहीत तर तक्रार करायची कुणाकडे? एजंट नंबर ब्लॉक करतो आणि विषय संपतो.

यात आणखी एक धोका आहे. अशी ॲप्स प्ले स्टोअरवर नसतात. लिंकवरून एपीके फाइल टाकायला सांगतात. ती टाकताना एसएमएस, कॉन्टॅक्ट आणि गॅलरीची परवानगी दिली की फोनमधले ओटीपीही दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतात.

गणित काय सांगतं?

मटक्यापासून सुरुवात करू. जुन्या मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावांवर सट्टा लागायचा. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथलेच. पुढे १९६० च्या दशकात मडक्यातून चिठ्ठ्या काढायची पद्धत आली आणि 'मटका' हे नाव पडलं.

एकेरी आकडा म्हणजे ० ते ९ यांपैकी एक. आकडा लागला तर साधारण ९ पट पैसे. आता समजा, तुम्ही दहाही आकड्यांवर १०० रुपये लावले. एकूण १,००० रुपये गेले. एक आकडा तर येणारच, म्हणजे तुम्ही 'जिंकणारच'. हातात येतात ९०० रुपये. तेच ९०० पुन्हा दहा आकड्यांवर वाटून लावा, ८१० परत येतात. सातव्या फेरीनंतर ४७८ उरतात, दहाव्या फेरीनंतर ३४९. प्रत्येक वेळी जिंकूनही दोन तृतीयांश पैसे गेले. एकाच आकड्यावर खेळणाऱ्याचं कधी मोठं जिंकणं, कधी सगळं जाणं होतं, म्हणून हा उतार दिसत नाही. सरासरी मात्र हीच.

क्रिकेटवरच्या सट्ट्यात आकडे वेगळे, हिशेब तोच. बरोबरीच्या दोन संघांना १.९० चा भाव असेल, तर दोन्हींवर हजार-हजार लावून पाहा. २,००० गेले, १,९०० आले. हे मधले १०० रुपये बुकीचे, मग सामना कुणीही जिंको. गोव्याच्या कॅसिनोत दिसणाऱ्या रूलेटमध्येही हेच आहे. चाकावर शून्य धरून ३७ घरं असतात, एका आकड्यावर जिंकलात तर लावलेली रक्कम धरून हातात येतात ३६ पट. ती एका घराची तफावत म्हणजे मालकाची कमाई.

'हरलो की रक्कम दुप्पट करायची, एकदा लागलं की सगळं वसूल' हा सल्ला ग्रुपवर हमखास मिळतो. १०० रुपयांपासून सुरुवात करून सलग १० डाव हरलात, तर गेलेले असतात १,०२,३०० रुपये. अकराव्या डावाला १,०२,४०० लावावे लागतात, आणि तो लागला तरी निव्वळ फायदा १०० रुपयांचाच. असं सलग हरणं दुर्मीळ असतं, हे खरं. पण रोज शे-दोनशे डाव खेळणाऱ्यासमोर ती वेळ आज ना उद्या येतेच.

हे सगळं कळूनही माणूस का खेळतो?

कारण खेळ गणिताशी नाही, मेंदूशी खेळला जातो. तीन गोष्टी लक्षात घ्या.

*पहिली, अनिश्चित बक्षीस.* बक्षीस कधी मिळेल हे माहीत नसेल, तर ती कृती पुन्हा पुन्हा करण्याची ओढ जास्त टिकते. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने विसाव्या शतकात कबुतरांवर आणि उंदरांवर प्रयोग करून हे दाखवलं. दर वेळी मिळणाऱ्या दाण्यापेक्षा अधूनमधून मिळणारा दाणा प्राण्याला जास्त वेळ खिळवून ठेवतो.

*दुसरी, थोडक्यात हुकणं.* २००९ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी स्लॉट मशीनसारखा खेळ खेळणाऱ्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. थोडक्यात हुकल्यावर माणसाला वाईट वाटत होतं. तरीही जिंकल्यावर मेंदूचे जे भाग जागे होतात, तेच तेव्हाही जागे होत होते. 'एका आकड्याने गेलं' हे वाक्य म्हणूनच पुढचा डाव लावायला लावतं. खरं तर एका आकड्याने हुकणं आणि पाच आकड्यांनी हुकणं, दोन्हीत पैसे सारखेच जातात.

*तिसरी, 'आता तरी लागेलच'.* १८ ऑगस्ट १९१३ रोजी मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटचा चेंडू सलग २६ वेळा काळ्या घरात पडला. आता लाल येणारच, या खात्रीने लोक रक्कम वाढवत गेले आणि प्रचंड पैसा हरले. चाकाला आधीचा डाव आठवत नसतो. ॲपलाही नसतो.

हौस, सवय आणि आजार यात फरक काय?

गणपतीच्या जागरणाला पत्ते कुटणारा प्रत्येक जण व्यसनी नसतो. खेळ संपला, पत्ते गुंडाळले, सकाळी कामाला गेला, तर ती हौस. अडचण सुरू होते ती थांबायचं ठरवूनही थांबता न येण्यापासून.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराच्या व्यसनाची स्वतंत्र नोंद आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये हा विकार दारू आणि ड्रग्जच्या व्यसनांच्या गटात आणला. त्यांच्या निकषांनुसार ९ लक्षणांपैकी किमान ४ लक्षणं वर्षभरात दिसली, तर तपासणी करून निदान केलं जातं.

घरी प्राथमिक अंदाज घ्यायला दोन प्रश्न वापरले जातात:

- अधिकाधिक पैसे लावण्याची गरज तुम्हाला कधी वाटली आहे का?
- किती खेळलात याबद्दल जवळच्या माणसांशी कधी खोटं बोलावं लागलं आहे का?

यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल, तर तज्ज्ञांशी बोलायला हवं. हे निदान नाही, इशारा आहे.

एक बाब फारशी कुणाला माहीत नसते. पार्किन्सनच्या आजारावर दिल्या जाणाऱ्या काही औषधांचा दुष्परिणाम म्हणूनही जुगाराची अनावर ओढ निर्माण होऊ शकते. घरातल्या ज्येष्ठांमध्ये औषध सुरू झाल्यावर अचानक असा बदल दिसला, तर औषध परस्पर बंद न करता आधी डॉक्टरांना सांगा.

घरात कोणत्या खुणा दिसतात?

- पगार होऊन आठवडाही होत नाही तोच उसनवारी सुरू. दर वेळी कारण नवं.
- फोन उलटा ठेवणं, बाथरूममध्ये फोन नेणं, सामना सुरू असताना चिडचिड.
- बँकेच्या स्टेटमेंटमध्ये अनोळखी व्यक्तींच्या नावे छोट्या-छोट्या रकमांचे अनेक व्यवहार, तेही रात्री उशिरा.
- एकाच वेळी दोन-तीन लोन ॲप्सचे मेसेज.
- मोडलेली एफडी, बंद पडलेली भिशी, कपाटातून 'पॉलिशला' गेलेलं सोनं.

एखादी खूण दिसली म्हणून आरोप करू नका. तीन-चार एकत्र दिसल्या तर मात्र शांतपणे बोला.

कर्ज फेडून टाकावं का?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच. आई मंगळसूत्र काढून देते, वडील पीएफ काढतात, 'एकदाच फेडू, पुन्हा नाही' असं ठरतं. पण कर्ज हे व्यसनाचं लक्षण आहे. उपचार न करता ते फेडलं, तर त्या माणसाला मोकळा श्वास मिळतो आणि त्याच्या नावावर पुन्हा कर्ज मिळू लागतं. शिवाय 'शेवटी घरचे आहेतच' हा हिशेब मनात बसतो.

याचा अर्थ वाऱ्यावर सोडा, असा नाही. पैसे त्याच्या हातात न देता थेट देणेकऱ्याला द्या, हप्ते बांधून द्या आणि उपचार सुरू झाल्यावर द्या.

पहिल्या आठवड्यात काय कराल?

*१. पूर्ण आकडा कागदावर आणा.* पहिल्यांदा सांगितलेला आकडा अनेकदा अर्धाच असतो. क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा मोफत मिळणारा रिपोर्ट काढला की बँका आणि वित्त कंपन्यांची कर्जं कळतात. मित्र, नातेवाईक, सावकार यांची यादी वेगळी करा.

*२. पैशांची वाट अरुंद करा.* त्याच्या संमतीने पगाराचं खातं काही महिने घरातल्या दुसऱ्या माणसाने पाहावं. बँकेच्या ॲपमध्ये रोजच्या व्यवहारांची मर्यादा कमी करता येते. क्रेडिट कार्ड बंद करा.

*३. फोन साफ करा.* एपीके, आयडी देणारे ग्रुप, एजंटचे नंबर काढा. त्याआधी व्यवहारांचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट घ्या. तक्रारीला ते लागतात.

*४. वसुलीच्या धमक्यांना घाबरू नका.* रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वसुली एजंटला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. नातेवाइकांना फोन करून बदनामी करणंही नियमात बसत नाही. विनापरवाना सावकारी हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यानुसार गुन्हा आहे. तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते.

*५. एकटं सोडू नका.* कर्ज उघड होण्याचे दिवस सर्वात जोखमीचे असतात. शरम आणि भीती एकाच वेळी येतात. 'जगण्यात अर्थ नाही', 'माझ्यानंतर सगळं सुटेल' अशी भाषा ऐकू आली, तर ती नाटक समजू नका. लगेच मदत घ्या.

शेअर बाजाराचं काय?

ऑप्शन ट्रेडिंग कायदेशीर आहे आणि तो जुगार मानला जात नाही. तरीही सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेले आकडे लक्षात ठेवा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त होता. गेलेले पैसे आजच वसूल करायचे म्हणून कोणी कर्ज काढून एक्स्पायरीच्या दिवशी खेळत असेल, तर ॲपचं नाव बदललं आहे एवढंच. वरचे दोन प्रश्न त्यालाही विचारा.

मदत कुठे मिळेल?

- टेली-मानस : १४४१६. केंद्र सरकारची मोफत मानसिक आरोग्य हेल्पलाइन. २४ तास सुरू, मराठीतही बोलता येतं. घरचेही फोन करू शकतात.
- सायबर फसवणूक : १९३०. पैसे गेल्यावर जितक्या लवकर फोन कराल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.
- तातडीचा धोका असेल तर : ११२.
- उपचार : सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आणि जिल्हा रुग्णालयांमधला मानसोपचार विभाग. समुपदेशनाने विचारांच्या सवयी बदलण्यावर भर असतो. सोबत नैराश्य किंवा दारू असेल तर त्यावरही उपचार होतात. केस पेपर काढताना 'पैशांच्या खेळाची सवय सुटत नाही' एवढं सांगितलं तरी पुरे.