पित्ताशयाचे ऑपरेशन झाले, बरणीचे काय?

मिरजेत दवाखान्यांची वानवा नाही. १८९४ मध्ये डॉ. वानलेस यांनी इथे मिशन हॉस्पिटल सुरू केले. आजही कर्नाटकातून, कोकणातून माणसे उपचारासाठी मिरजेत येतात आणि आम्हा मिरजकरांच्या घरून कुणा ना कुणाचा डबा जातच असतो. आमच्या फुफीजान अशाच आल्या होत्या. पित्ताशयात खडे. दुर्बिणीतून चार छिद्रे पाडून ऑपरेशन झाले आणि तिसऱ्या दिवशी त्या घरी आल्या.

काढलेली पिशवी बरणीत घालून आमच्या हाती दिली होती, लॅबमध्ये नेऊन द्या म्हणून. आम्ही नेली नाही. खरे सांगायचे तर खडे मोजण्यात आणि पाहुण्यांना दाखवण्यातच आठवडा गेला. सगळे नीट झाले, आता पैसे कशाला, असेही घरात कुणी म्हणाले. बरणी कचऱ्यात गेली.

सात महिन्यांनी बेंबीजवळच्या व्रणाखाली सुपारीएवढी कडक गाठ हाताला लागली. तपासणीत कर्करोग निघाला. तो व्रणात जन्मला नव्हता, पित्ताशयातलाच होता; सोनोग्राफीत फक्त खडे दिसले होते. पिशवी ओढताना फाटली आणि पित्त सांडले, तर त्यातल्या कर्कपेशी छिद्राच्या कडेला चिकटून वाढू शकतात. फुफीजानच्या डिस्चार्ज कार्डावर पिशवी फाटल्याची नोंद होती. आम्ही शिकलेली माणसे, पण ते कार्ड तेव्हा वाचलेच नाही.

पिशवी प्लॅस्टिकच्या छोट्या थैलीत घालून बाहेर काढली, तर हा धोका कमी होतो. पूर्ण जात नाही. ऑपरेशनआधी सर्जनना हे विचारायला संकोच करू नये.

आता मोहल्ल्यात बोलणे सुरू झाले आहे की दुर्बीण नकोच, पोट उघडूनच करा. हे आम्हाला पटत नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली हे ऑपरेशन दुर्बिणीने केले, त्याला तीन दशके उलटून गेली. खड्यांसाठी काढलेल्या बहुतेक पिशव्यांत सुजेखेरीज काही निघत नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात तर खुद्द सर्जनच या छिद्रांना घाबरले होते. मग अमेरिकेत ८७२ रुग्णांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. २००४ मध्ये निष्कर्ष आला : व्रणात रोग उलटण्याचे प्रमाण दोन्हीकडे शेकडा एकाहून कमी. मात्र सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत जाड किंवा आत कोंब दिसला, तर ते सर्जनशी आधीच बोलावे. कर्करोगाचा संशय असेल, तर ऑपरेशनची आखणीच वेगळी होते.

आणि बरणी. रोग पिशवीच्या अगदी आतल्या थरापुरता असेल, तर पिशवी काढली तेवढे पुरते. खोल गेला असेल, तर पुन्हा ऑपरेशन करून यकृताचा लगतचा भाग आणि आसपासच्या लसीका गाठी काढाव्या लागतात, तेही लवकर. हे सारे लॅबच्या रिपोर्टावर ठरते.

गेल्या महिन्यात आमच्या भाभींचे हेच ऑपरेशन झाले. बरणी आम्ही स्वतः लॅबच्या खिडकीवर दिली, पावती पाकिटात ठेवली. रिपोर्ट आला : जुनी सूज, कर्करोग नाही. फुफीजानची केमो चालू आहे. त्यांनी तो रिपोर्ट आमच्याकडून दोनदा वाचून घेतला.