रक्ताचा अहवाल वाचताना

मिस्सा आटोपल्यावर अनेक भाविक रक्ततपासणीचे अहवाल घेऊन आमच्याकडे येतात. ठळक छापलेल्या एखाद्या आकड्याने त्यांची झोप उडालेली असते. आम्ही डॉक्टर नाही. तथापि काही गोष्टी समजून घेतल्यास निष्कारण भीती व घातक बेफिकिरी दोन्ही टळतील.

टीएसएच हे संप्रेरक थायरॉईड नव्हे, तर मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी स्रवते. थायरॉईडचे काम मंदावले की पीयूषिका तिला अधिक जोराने हाक देते. म्हणून टीएसएच वाढणे म्हणजे बहुधा थायरॉईड मंदावणे. प्रौढांत ते साधारणतः ०.४ ते ४ असते. ते किंचित वाढलेले, पण टी-४ योग्य असेल, तर डॉक्टर बहुधा दोन-तीन महिन्यांनी फेरतपासणी सुचवतात.

ईएसआर व सीआरपी शरीरातील दाहाची सूचना देतात. तो कुठे व कशामुळे, हे सांगत नाहीत. सीआरपी लवकर चढतो व उतरतो. ईएसआर रेंगाळतो, वाढते वय, रक्तक्षय व गरोदरपणातही तो वाढतो. गळ्याच्या पुढच्या भागात दुखत असून ईएसआर फार वाढला व टीएसएच घटले, तर थायरॉईडच्या दाहाची शंका येते. उलट हाशिमोटो विकारात अँटी-टीपीओ वाढूनही हे दोन्ही आकडे योग्य असू शकतात.

टीएसएच योग्य आले म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. बहुधा तो गोळीचाच गुण असतो. गर्भवतींनी तर मुळीच नाही, कारण सुरुवातीच्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या संप्रेरकावर अवलंबून असते.

शरीर ही देवाने सोपवलेली ठेव आहे. प्रार्थना अवश्य करावी आणि गोळीही वेळेवर घ्यावी.