स्वतःच्या वहींत लिहिण्याचें समाधान

हल्लीं सकाळचा चहा होतो न होतो तोंच घरोघरीं मोबाइलवर संदेश धाडण्यास आरंभ होतो. एखादें वचन वा छायाचित्र पुढें धाडावें आणि किती जणांनीं पसंती दर्शविली तें मोजीत बसावें! त्यांत मौज नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ती सर्वस्वीं दुसऱ्याच्या पसंतीवर अवलंबून असते. शिवाय व्हॉट्सॲपवरील स्टेटस २४ तासांत आपोआप नाहींसें होतें.

याच्या उलट उदाहरण आपल्या कोंकणांतलेंच आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं द्रव्यार्जनार्थ उत्तरेकडे गेले व बंडाच्या धामधुमींत सांपडले. १८५८ सालचा झांशीचा वेढा त्यांनीं प्रत्यक्ष अनुभवला. ‘माझा प्रवास’ हा वृत्तांत त्यांनीं १८८३ च्या सुमारास लिहिला. तो छापून निघाला १९०७ सालीं. इतकीं वर्षें मध्यें लोटलीं, तरी आज आपण तो वाचतों.

वहींत लिहिणाराचा पहिला वाचक तो स्वतःच. वाक्य पुरें करतांना ‘हें मला खरोखर वाटतें काय?’ हा प्रश्न त्यास टाळतां येत नाहीं. रागाच्या भरांत धाडलेला संदेश घरांत कलह माजवितो. तोच राग वहींत उतरला म्हणजे निम्मा निवतो.

घरांतील वडील मंडळींजवळ सांगण्यासारखें पुष्कळ असतें. तें त्यांच्याबरोबर जाऊं नये, म्हणून प्रत्येक घरीं एक जाड वही असावी व निजण्यापूर्वीं तींत दहा ओळी लिहाव्या, असें आम्ही आग्रहानें सुचवितों. नातवंडें त्या पुढें वाचतीलच. परंतु लिहिणारास समाधान त्याच रात्रीं लाभतें.