बारावीनंतर थेट अमेरिका? एजंटाला पैसे देण्याआधी हे वाचा

"बारावीनंतर अमेरिकेत शिक्षण, 100 टक्के स्कॉलरशिप, आजच नाव नोंदवा." असे मेसेज मोबाईलवर फिरत असतात. काही पालक त्यावर विश्वास ठेवून हजारो रुपये भरून बसतात. खरं काय आणि खोटं काय, ते समजून घेऊ.

अर्ज कुठे करायचा?

अमेरिकेतल्या बहुतेक नामांकित कॉलेजांचा अर्ज 'कॉमन ॲप' या वेबसाईटवर भरता येतो. खातं उघडायला पैसे लागत नाहीत. एमआयटीसारख्या काही संस्थांचा अर्ज मात्र वेगळा असतो. यात एजंट लागतोच असं कुठेही नाही. अर्जाची फी असते, पण घरची परिस्थिती नसेल तर अनेक कॉलेजं ती माफ करतात. तशी मागणी अर्जातच करायची.

फक्त मार्कांवर भागत नाही

आपल्याकडे मेरिट लिस्ट लागते, तिकडे तसं नाही. नववी ते बारावीचे मार्क बघतात. बऱ्याच ठिकाणी 'सॅट' परीक्षा आणि टोफेल किंवा आयईएल्टीएससारखी इंग्रजीची परीक्षा लागते. सॅटची तयारी खान अकॅडमीवर फुकट करता येते.

कॉमन ॲपचा मुख्य निबंध जास्तीत जास्त 650 शब्दांचा असतो. शेतात केलेलं काम, धाकट्या भावंडांना शिकवणं, घरचं दुकान सांभाळणं हे सगळं त्यात आणि अर्जातल्या कामांच्या यादीत लिहिता येतं. त्याची लाज वाटून घेऊ नका. विकत घेतलेला निबंध मात्र देऊ नका.

दोन शिक्षकांची शिफारसपत्रंही बऱ्याच ठिकाणी लागतात. शिक्षकांच्या ईमेलवर लिंक येते, पत्र ते स्वतःच अपलोड करतात. कॉलेजात समुपदेशक नसेल तर तो भाग प्राचार्य भरू शकतात. म्हणून सरांना महिना-दोन महिने आधीच सांगून ठेवा.

पैशाचं काय?

हार्वर्डसारख्या ठिकाणी राहण्या-खाण्यासह वर्षाचा खर्च 80 हजार डॉलरच्या वर जातो. आपल्या पैशात साधारण 70 लाख रुपये. पण हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ॲमहर्स्ट या संस्थांमध्ये मदत मागितली म्हणून परदेशी मुलाचं नाव मागे पडत नाही. निवड झाली की घरच्यांना न झेपणारा खर्च कॉलेज उचलतं. बाकीच्या अनेक कॉलेजांत मात्र पैशाची गरज निवडीच्या वेळी विचारात घेतली जाते.

मदतीसाठी बऱ्याच ठिकाणी 'सीएसएस प्रोफाइल' हा वेगळा फॉर्म असतो. त्यात उत्पन्न, जमीन, घर, कर्ज खरं लिहावं लागतं. कागदपत्रं मराठीत असतील तर इंग्रजी भाषांतर करून ठेवा. मदत पहिल्याच अर्जात मागा. नंतर मागितली तर अनेक ठिकाणी मिळत नाही.

आणखी एक. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे, बारावीनंतरच्या पदवीसाठी नाही.

वेळापत्रक

- अकरावी: सॅटची तयारी, पासपोर्ट
- बारावीचा ऑगस्ट: कॉमन ॲपवर नवा अर्ज सुरू
- 1 नोव्हेंबरच्या आसपास: लवकरच्या फेरीची मुदत
- जानेवारीच्या सुरुवातीला: नेहमीच्या फेरीची मुदत
- मार्चअखेर: निकाल
- 1 मे: होकार कळवण्याची मुदत

म्हणजे अर्ज बोर्डाच्या परीक्षेआधीच जातो. बारावीचा निकाल लागल्यावर जागं होऊन उपयोग नाही.

ही खूणगाठ बांधा

हार्वर्डला 100 अर्ज आले तर 5 मुलांनाही प्रवेश मिळत नाही. त्यामुळे "प्रवेशाची गॅरंटी" देणारा माणूस खोटं बोलतोय, हे नक्की. खोटी मार्कशीट किंवा खोटा उत्पन्नाचा दाखला जोडला, तर प्रवेश मिळाल्यावरही तो रद्द होऊ शकतो. खात्याचा पासवर्ड कुणालाही देऊ नका.

आणि आपल्याकडच्या सीईटी, जेईई, नीटचा अभ्यास सोडू नका. अमेरिकेचं झालं तर उत्तमच. नाही झालं तरी पोराचं वर्ष वाया जाता कामा नये.